खाऱ्या पाण्याची होडी

हसू नका. मी होडीच आहे.

आजवर मला कुणी गुरांना पाणी पाजायची डोण समजलं, कुणी चपलांचं खोकं. एका बाईनं तर मला उलटी करून पाहिली आणि हिच्यावर पापड लाटतात का, असं विचारलं. त्यांचाही दोष नाही. माझ्या अंगात सहा नटबोल्ट आहेत, पोटाखाली लोखंडी पट्टी आहे आणि वरून मशीनला देतात तो हिरवा रंग तीन हात चढवलेला आहे. तरीही मी होडी आहे. मला बनवणाऱ्यानं तसं ठरवलं होतं आणि एकदा बोललेला शब्द मागे घेणं त्याला कधी जमलं नाही. त्याचं नाव दत्तोबा.

माझा जन्म सत्तावन्न साली पिंपरीतल्या एका भाड्याच्या खोलीत झाला. तेव्हा तिथल्या माळावर नवेनवे कारखाने उभे राहत होते. काल जिथं ज्वारी होती तिथं आज भोंगा वाजायचा. कोकणातून, साताऱ्याकडून माणसं यायची आणि गेटापाशी उभी राहायची. दत्तोबाही असाच चिपळूणच्या वरच्या डोंगरातून आलेला. लोखंड ओतायच्या एका कारखान्यात तो चार वर्षं बदली कामगार होता. बदली म्हणजे कुणी आजारी पडला तर याला काम, आणि सगळे ठणठणीत असले तर हा घरी. दुसऱ्याला ताप यावा म्हणून देवाला हात जोडणारी माणसं मी त्याच काळात पाहिली.

त्याच्या बायकोचं नाव रुक्मिणीबाई. तिचं माहेर वाशिष्ठीच्या खाडीकाठी, आणि बाप होड्या बांधणारा. चार वर्षांत तिनं माहेर पाहिलं नव्हतं. बापाच्या डोळ्यांवर पडदा चढत चालला होता. त्यानं शेजाऱ्याकडून पोस्टकार्ड लिहवून घेतलं होतं, 'दिसतंय तोवर येऊन जा, बाय.' ते कार्ड तिनं देवाच्या तसबिरीमागं खोचून ठेवलं होतं. दत्तोबाचं म्हणणं असं, की एकदा कायम झालो की भरपगारी रजा मिळेल, मग मीच तुला घेऊन जातो. तो कायम होईना आणि म्हाताऱ्याचे डोळे काही थांबेनात.

आणि मग कारखान्यात एक कायमची जागा निघाली. पॅटर्न शॉपात, म्हणजे लोखंड ओतायच्या आधी वस्तूचा लाकडी नमुना जिथं करतात त्या खात्यात. चहाच्या सुट्टीत त्याची चर्चा चालली होती. दत्तोबाला गप्प बसवलं नाही.

"लाकूड? लाकूड म्हणजे आमचं रक्त," तो म्हणाला. "आमच्या घरात सात पिढ्या होड्या बांधतात. मी पाळण्यात असताना खेळायला रंधा दिला होता मला."

पॅटर्न शॉपचे प्रमुख दौलतराव मागच्याच बाकावर चहा पीत होते. ते म्हणाले, "उत्तम. वर्धापनदिनाला कामगारांच्या कारागिरीचं प्रदर्शन आहे. तीन आठवड्यांत हातभर होडी करून मांडा. हात दिसला की जागा तुमची."

ही हकिगत दत्तोबानं घरी येऊन तीनदा सांगितली, म्हणून मला पाठ आहे. खरी गोष्ट अशी, की त्याच्या सात पिढ्यांनी डोंगरावर नाचणी केली होती. होडीत तो उभ्या जन्मात एकदा बसला होता. लग्नाचं वऱ्हाड खाडीपलीकडं गेलं तेव्हा, आणि तेही डोळे मिटून. बाकी सगळं त्यानं सासऱ्याचं उचललं होतं.

रुक्मिणीबाईनं तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "मी सांगू का कशी करायची ते? लहानपणी फटीत भरायला कापसाचे पेळू मीच वळून द्यायची. बापसाच्या हाताखाली..."

"तू भाकरी बघ गो," दत्तोबा म्हणाला. "हे लाकूडकाम आहे."

झालं. त्या दिवशीच माझी कुंडली लिहिली गेली.

दुसऱ्या दिवशी तो गावातल्या सोनबा सुताराकडं गेला. सोनबानं आयुष्यभर बैलगाड्या केलेल्या. पवना नदीपलीकडचं पाणी त्यानं पाहिलेलं नव्हतं, पण सल्ला द्यायला तो मागं हटणारा नव्हता.

"होडी म्हंजी काय, बिनचाकाची गाडीच की!" तो म्हणाला. "बाभळीची कर. आंब्याचं लाकूड मऊ, चार दिसांत भुस्सा व्हतंय. बाभूळ कशी, नातवाला पुरंल."

"पाण्यात जड नाही का होणार?" दत्तोबानं विचारलं. एवढी अक्कल त्याला होती, पण ती टिकली नाही.

"जड हाय म्हणून तर बसती न्हाई का जाग्यावर? हलकी असली तर वाऱ्यानं उडून जाईल ना!"

अशा रीतीनं एका मोडक्या गाडीच्या दांडीतून मला कापून काढलं. मला स्वतःला गाडीत राहायला काहीच हरकत नव्हती. पण लाकडाला कोण विचारतो? इथं तर बायकोलाही विचारलं नव्हतं.

कामाला मुहूर्त पाहिला. करवतीला हळद-कुंकू लागलं, माझ्यावर लिंबू ओवाळलं. नकाशा मात्र नव्हता. नमुना म्हणून काडेपेटीवरचं आगबोटीचं चित्र, आणि तेही एका बाजूनं झिजलेलं. त्यामुळं माझी उजवी बाजू कशी असावी हे शेवटपर्यंत कुणालाच कळलं नाही.

पहिल्या दिवशी दत्तोबानं माझं टोक काढलं. छान टोकदार झालं होतं. मग आणखी थोडं छान करायला गेला आणि पटाशी सटकली, टोक तुटलं. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "ही मागची बाजू." मग दुसऱ्या बाजूला टोक काढलं, तेही तुटलं, तेव्हा ती मागची बाजू झाली आणि आधीची पुढची. असं चार वेळा झालं. मी आरंभी दीड हात लांब होते, आठवड्यानं हातभर उरले. आणखी थोडी हौस केली असती तर माझा भोवरा झाला असता. पोट पोकळ करायला घेतलं, पण बाभूळ ती बाभूळ. दोन बोटं खोल गेल्यावर पटाशीची धार गेली आणि दत्तोबाची उमेदही. "आत कोण बघतंय?" असं म्हणून त्यानं पोकरणं थांबवलं.

त्यातच मला एक उभी चीर गेली. तेव्हा हिंदुराव आला. हा साताऱ्याकडचा फिटर, शेजारच्या खोलीत राहणारा. माणूस लाख मोलाचा, पण जगातल्या सगळ्या दुखण्यांवर त्याच्याकडं एकच औषध होतं.

"आवळ की भावा!" तो म्हणाला. "सहा बोल्ट घाल आरपार. खालनं पट्टी मार. काय होतंय बघू मग तिला."

आरपार म्हणजे आरपार. माझ्या तळाला सहा भोकं पडली. त्यांतून बोल्ट गेले, नट आवळले, आणि चीर मिटली म्हणून दोघांनी एकमेकांना विड्या दिल्या. ज्या वस्तूला भोक पडू नये म्हणून माणसं रात्रंदिवस जपतात, तिला भोकं पाडून मजबूत करणारे हे दोघे पाहून मला माझ्या जातभाई बैलगाड्यांची फार आठवण आली.

रुक्मिणीबाई हे सगळं बघत होती. रंगाचा तिसरा हात चढला त्या दिवशी तिला राहवलं नाही.

"हिला एकदा पाण्यात सोडून बघितलीत का?"

"प्रदर्शन टेबलावर आहे," दत्तोबा म्हणाला, "पाण्यात नाही."

आणि गंमत म्हणजे त्याचं म्हणणं खरं ठरलं! वर्धापनदिनाला सकाळी मला टेबलावर ठेवलं. एका बाजूला कुणी केलेलं ताजमहालाचं लाकडी घड्याळ, दुसऱ्या बाजूला सुतळीचा मोर. दौलतराव आणि दोन इंजिनिअर तपासणीला आले. एकानं कॅलिपर लावून माझी जाडी मोजली. दुसऱ्यानं हातोडीनं ठोकून आवाज ऐकला. एक धिप्पाड फोरमन माझ्यावर दोन्ही पायांनी उभा राहिला आणि मी हूं की चूं केलं नाही. "मजबूत काम आहे," असं सगळ्यांचं एकमत झालं. सगळे शिकलेले लोक, पण होडीची परीक्षा पाण्यात घ्यावी हे एकालाही सुचलं नाही. माझ्या बोल्टाला सुतळीनं चिठ्ठी बांधली गेली, 'प्रथम क्रमांक'.

दत्तोबाची छाती काय फुगली म्हणता! कामगारांच्या बायकामुलांना त्या दिवशी आत सोडलं होतं. त्यानं गर्दीतून रुक्मिणीबाईला शोधलं आणि हळूच म्हणाला, "बांध तुझं बोचकं. गणपतीच्या आत तुझ्या बापसाच्या ओटीवर असू आपण."

तिनं पदर डोळ्यांना लावला. माझ्याकडं मात्र तिनं एकदाही पाहिलं नाही. मला ते लागलं.

आणि मोठ्या साहेबांना कल्पना सुचली. साहेब उत्साही. ते म्हणाले, पहिल्या नंबराची होडी आपण चार वाजता हौदात सोडू, फोटो काढू. हौद म्हणजे मशीनचं गरम पाणी थंड करायचा, चांगला पुरुषभर खोल.

दत्तोबाचा चेहरा बघण्यासारखा झाला. जेवणाच्या सुट्टीत त्यानं बायकोला माझ्यापाशी आणलं आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा ते विचारलं, जे पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं.

"काय करू गो?"

तिनं मला उचललं, तोललं, बोल्टांवरून अंगठा फिरवला. "निम्मं लाकूड पोकरायला हवं. लोखंड सगळं काढायचं, भोकं बुजवायची. दोन दिवसांचं काम आहे. आता चार वाजेपर्यंत काय होणार?"

"मग?"

"मग खरं सांगून टाका."

"खरं सांगितलं तर जागा जाईल."

"आणि ही बुडाल्यावर राहील?"

 काहीतरी चमत्कार होईल अशी त्याला आशा असावी. मला तशी काही आशा नव्हती. मी बाभूळ आहे, माझं वजन मला ठाऊक.

चार वाजता नारळ फुटला. साहेबांनी मला दोन्ही हातांनी धरून पाण्यावर ठेवलं, फोटोवाल्याकडं बघून हसले आणि हात सोडले. फोटोवाल्यानं बटण दाबायच्या आत मी तळाला पोचले होते. वर फक्त बोल्टावरून सुटलेली चिठ्ठी आणि थोडे बुडबुडे.

 आणि मला वरून दत्तोबाचा आवाज ऐकू आला. कौतुक करावं तेवढं थोडं.

"साहेब, ही समुद्राची होडी. गोड्या पाण्यात नाही चालत. हिला खारं पाणी लागतं."

आता कुणीतरी हसेल असं मला वाटलं. छे! एक इंजिनिअर पुढं आला आणि गंभीरपणे म्हणाला, "बरोबर आहे. खाऱ्या पाण्याची घनता जास्त असते." दुसऱ्यानं मान डोलावली. खोटं बोलणारा अडाणी असेल तर ते फार लांब जात नाही, पण त्याला पदवीधर साथ मिळाली की ते धावत सुटतं. साहेबांनी हुकूम दिला, "कँटीनमधून मीठ आणा."

एक अख्खं पोतं माझ्या डोक्यावर ओतलं गेलं. बांबूनं ढवळलं. सगळे वाकून बघत राहिले. मी हलले नाही. दुसरं पोतं आलं. त्या पाण्यानं पुढं महिनाभरात कारखान्याचे नळ गंजले म्हणे, पण ते का गंजले याचा अहवाल कुणी लिहिला नाही.

दुसऱ्या पोत्यानंतर तो पहिला इंजिनिअर कंटाळला. हात झटकत म्हणाला, "सात पिढ्या हे लोक हेच बांधतात? मग कोकणात माणसं शिल्लक कशी राहिली?"

मोठा हशा पिकला. साहेब हसले, हिंदुरावही हसला. आणि आपल्यावरची वेळ टळतेय असं वाटून दत्तोबाही त्यांच्यात सामील झाला. सगळ्यांत मोठ्यानं तोच हसला.

तेव्हा गर्दीतून रुक्मिणीबाई पुढं आली. 

"मीठ पुरे झालं, साहेब. सगळा समुद्र आणून ओतलात तरी ती वर यायची नाही. होड्या ह्यांच्या घरात नाही बांधत. ह्यांच्याकडं नाचणी पिकते. होड्या माझा बापूस बांधतो. चाळीस वर्षं बांधतो, एकही बुडाली नाही त्याची. त्याला हसू नका."

एवढं बोलायला तिला काय मोजावं लागलं ते त्या गर्दीत दोघांनाच ठाऊक होतं. तिला आणि मला. गणपतीआधी बापाच्या ओटीवर पोचायची आशा तिनं स्वतःच्या हातानं हौदात टाकली होती. मी तळाला पडल्या पडल्या तिच्यापुढं मान खाली घातली, म्हणजे घातली असती.

दौलतरावांनी विचारलं, "दत्तोबा, खरं का हे?"

दत्तोबा पायांकडं बघत म्हणाला, "खरं."

"समुद्र तरी पाहिलाय का?"

"खाडी पाहिलीय. लग्नात. पण डोळे मिटले होते."

जागा सुतळीचा मोर करणाऱ्याला मिळाली.

संध्याकाळी दोघं घरी आली. मला हिंदुरावानं आकड्यानं वर काढून दारात आणून टाकलं होतं. मग दत्तोबा म्हणाला, "चारचौघांत माझं नाक कापलंस तू."

"आणि तुम्ही माझ्या बापसाचं कापत होतात, ते?" ती म्हणाली. "उद्या सकाळी मी जातेय. एकटी. तुमची रजा होईपर्यंत त्याचे डोळे थांबायचे नाहीत."

त्यानं चिडून मला चुलीत घालायला उचललं. तिनं हातातून काढून घेतलं. "ही मी नेणार. त्याच्या नावावर काय खपवलंत ते त्यालाही बघू दे."

पहाटे तिचं बोचकं खांद्यावर टाकून दत्तोबा रस्त्यापर्यंत आला. बोचक्यात मी होते, चांगली जड लागत होते, पण तो कुरकुरला नाही. गाडी आली तेव्हा त्यानं तिला एवढंच सांगितलं, "खिडकीपाशी बस." मला त्याची कीव आली. माणूस वाईट नव्हता. आपल्याला काही येत नाही हे सांगायची त्याला सवय नव्हती, इतकंच.

पुणं, मग एस.टी., कुंभार्ली घाट, चिपळूण, आणि तिथून खाडी. म्हातारा ओटीवर बसला होता. लेकीचा आवाज ऐकताच तो धडपडत उठला. त्यानं तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला, उजेडाकडं वळवला, खाली केला, वर केला. त्याच्या डाव्या डोळ्याचा एक कोपरा तेवढा शिल्लक होता. तिचा चेहरा त्या कोपऱ्यात येईपर्यंत तो फिरवत राहिला.

"दिसतेस गो," तो म्हणाला. "बारीक झालीस."

दोघं रडली. मी बोचक्यात गप्प पडून होते.

मग माझी पाळी आली. त्यानं मला मांडीवर घेतलं आणि बोटांनी बघायला लागला. टोक चाचपलं, पोट चाचपलं. बोल्टावर बोट गेलं तसा तो थबकला. एक, दोन, तीन, सहापर्यंत मोजले. आणि मग असा हसत सुटला की त्याला ठसका लागला. ठसका थांबल्यावर त्यानं विचारलं, "जावयांनी बांधली?"

"होय." मग तिनं सगळं सांगितलं. सात पिढ्या, मिठाची पोती, आणि हौदापाशी आपण काय बोललो तेही.

म्हातारा हसायचा थांबला. "मग जागा गेली त्यांची?"

"गेली."

"माझ्यापायी?"

"होय."

 तो तिचा हात धरून अंधार पडेपर्यंत बसून राहिला.

रुक्मिणीबाई दोन महिने राहिली. रोज सकाळी तो तिला उजेडात बसवायचा आणि बघून घ्यायचा. नवरात्राच्या सुमाराला तो कोपराही गेला. त्यानंतर आठ दिवसांनी दत्तोबा आला. बिनरजेचा, बिनपगाराचा, हातात पेढ्यांचा पुडा घेऊन. सासऱ्याच्या पाया पडला आणि खाली मान घालून म्हणाला, "होडी कशी बांधतात ते शिकायचंय. तुम्ही शिकवाल का?"

म्हातारा म्हणाला, "मला आता दिसत नाही, जावयबापू. तिला विचारा."

रुक्मिणीबाई मागच्या दारात भात पाखडत होती. दत्तोबा किती तरी वेळ ओटीवरच बसून राहिला. सूप वाजायचं थांबलं, तेव्हा तो उठला आणि आत गेला.

पुढं काय झालं ते मी पाहिलं नाही, कारण मला काम लागलं आहे. म्हाताऱ्यानं माझ्या मधल्या बोल्टाला दोरी बांधून मला आपल्या एका डोणीचा, म्हणजे लहान होडीचा, नांगर केलं. अंगात एवढी बाभूळ आणि एवढं लोखंड असल्यावर दुसरं काय करणार? मी तळाला बसते आणि वरची होडी जागची हलत नाही. सोनबा सुताराला कुणी भेटलात तर सांगा, त्याचं लाकूड खरंच नातवाला पुरेल.

आणि तुमच्यापैकी कुणी पहिल्यांदाच होडी करायला बसणार असेल, तर पटाशी उचलायच्या आधी चुलीपाशी कोण बसलंय ते एकदा बघा. बरं, येते मी. भरती आली आहे, मला बुडायला जायचंय.